घुम्याचा फॉर्म

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत काय ते उरलं होतं. बाकी सगळ्या जगाला तो रेडिओ. सकाळी कामावर पाऊल टाकलं की सुरू, ते संध्याकाळी हातपाय धुऊन निघेपर्यंत. घरी गेल्यावर काय होत असेल हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्यानं त्याच्या बायकोला विचारावं. ती म्हणायची, "ह्यांच्या तोंडाला कुलूप नाही आणि माझ्या कानांना दार नाही."

पण हे तोंड नुसतं चालायचं नाही, ते कामाला यायचं. रेडिओ लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत फिटर होता. लिफ्टचा शाफ्ट म्हणजे अकरा-बारा मजल्यांची उभी पोकळी. वर मशीन रूममध्ये एक माणूस, मध्ये केबिनच्या टपावर दुसरा, खाली खड्ड्यात तिसरा, आणि तिघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. कंपनीनं वॉकीटॉकी दिले होते. ते साहेब येणार असले की कमरेला लावायचे. एरवी काम चालायचं ते रेडिओच्या आवाजावर. "ओढ... हां... बोटभर अजून... बस." हे 'बस' तळमजल्यावरून निघालं की गच्चीपर्यंत जसंच्या तसं पोचायचं. बारा मजले चढूनही त्यातली धार जायची नाही. साइटवरचे गवंडी, सुतार काम थांबवून ऐकत उभे राहायचे, आणि लोक ऐकताहेत म्हटल्यावर रेडिओ मध्येमध्ये चार विनोदही पेरायचा.

वर मशीन रूममध्ये असायचा तो घुम्या. चौदा वर्षं रेडिओचा मदतनीस. बारीक अंगाचा, मोठ्या कानांचा माणूस, आणि बोलण्याच्या बाबतीत असा की दिवसभरात त्यानं दहा शब्द वापरले तर त्यातले चार 'हो' असायचे. हात मात्र सोन्याचा. लिफ्ट ज्या रुळांवरून वरखाली होते ते रूळ ओळंब्यात सरळ उभे करणं हे त्याचं काम, आणि त्यानं उभा केलेला रूळ पुन्हा तपासायला कुणी जायचं नाही.

घुम्याच्या वाट्याचं बोलणं रेडिओ बोलायचा. कँटीनमध्ये त्याचा चहा रेडिओ सांगायचा, रजेचा अर्ज रेडिओ लिहायचा, दाढ दुखली तर डॉक्टरसमोर कुठली दाढ ते रेडिओ सांगायचा. घुम्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी आठ प्रश्न विचारले. सातांची उत्तरं रेडिओनं दिली. आठवा प्रश्न, पाणी हवं का, हा होता. त्याला घुम्यानं स्वतः मान हलवली. लग्न ठरलं ह्याचं श्रेय रेडिओ आजवर घेतो, आणि वहिनींनीही, म्हणजे घुम्याच्या बायकोनंही, कधी हरकत घेतलेली नाही.

दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. कधी दोघांची कामं वेगळ्या इमारतींवर पडली, तरी रेडिओ भर उन्हातून डबा घेऊन घुम्याकडे चालत जायचा. "एकटा बसला तर बुजतो हो तो," असं सगळ्यांना सांगायचा. लोक म्हणायचे, माणूस पाहावा तर असा. हे ऐकायला रेडिओला फार आवडायचं, आणि ते त्यानं कधी लपवलंही नाही.

तर अशा ह्या जोडीला कंपनीनं वर्षभरासाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. तिथल्या एका कंपनीबरोबर भागीदारी झाली होती. तिच्या तीन उंच इमारतींमध्ये लिफ्ट बसवायच्या, त्यांची पद्धत शिकायची आणि परत आल्यावर इथल्यांना शिकवायची, असा बेत होता. आणि जो तिथं नाव काढील तो पुढं सुपरवायझर होणार हे कुणी तोंडानं बोललं नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. रेडिओला तर ते इतकं माहीत होतं की त्यानं बायकोला आधीच सांगून टाकलं होतं.

जाण्याआधी एक नवीनच प्रकरण निघालं. स्वभावाची चाचणी. म्हणे परदेशात माणसाचं काम अडत नाही, माणूसच अडतो, म्हणून आधी त्याचा स्वभाव तपासायचा. शंभर प्रश्नांचा फॉर्म आला. अनोळखी लोकांत तुम्हाला कसं वाटतं, बेत अचानक बदलला तर काय करता, असले प्रश्न, आणि प्रत्येकाला चार-चार पर्याय. घुम्याला फॉर्म बघून घाम फुटला. त्यानं तो मुकाट्यानं रेडिओच्या पुढ्यात सरकवला.

रेडिओनं कँटीनमध्ये बसून दोन्ही फॉर्म भरले. स्वतःचा दहा मिनिटांत. मग घुम्याचा. प्रश्न वाचायचा, समोर जेवत असलेल्या घुम्याकडे एकदा बघायचा आणि खूण करायचा. अनोळखी लोकांत? 'अवघडल्यासारखं होतं.' नवीन गोष्टी शिकायला? 'कुणी शिकवल्या तर.' निर्णय घ्यायची वेळ आली तर? 'दुसऱ्याला विचारतो.' एकटं राहायची वेळ आली तर? 'भीती वाटते.' शंभर प्रश्नांत एकदाही त्यानं घुम्याला तोंडानं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, चौदा वर्षं तो रोज डोळ्यांसमोर होता. घुम्यानं शेवटी सही केली आणि डबा धुवायला गेला.

निकाल आला. रेडिओ पुढारी. कुठंही मिसळेल, कुणालाही जिंकेल. घुम्या सोबतीचा माणूस, एकट्यानं ठेवू नये. ऑफिसातली मॅडम म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून ह्यांना पाठवतोय." रेडिओनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "माझ्यावर सोडा."

तिथं पोचल्यावर पहिल्या दिवशी दोन तास सुरक्षिततेचं व्याख्यान झालं. एका मोठ्या खोलीत पडद्यावर चित्रं दाखवली. रेडिओ त्या वेळी घुम्याला सगळं समजावून सांगण्यात गुंतला होता, त्यामुळे पडद्यावर काय दाखवलं ते त्याला नीट कळलं नाही. घुम्याचे डोळे मात्र पडद्यावर होते.

तिसऱ्या दिवशी शाफ्टमध्ये उतरले. रेडिओ केबिनच्या टपावर, घुम्या वर. शेजारच्याच शाफ्टमध्ये तिथली टोळी काम करत होती. चिडीचूप. नुसते ठोके ऐकू येत होते, लोखंडावर लोखंडाचे. रेडिओला ती शांतता सहन होईना. म्हटलं, चला, ह्यांनाही कळू दे कोण आलंय ते. त्यानं मान वर केली आणि नेहमीच्या थाटात हाक दिली, "ओढ रे राजा वर!"

आणि सगळी इमारत थांबली.

थांबली म्हणजे काय, यंत्रं बंद झाली, दिवे लाल झाले, भोंगा वाजला. माणसं हातातलं टाकून जिन्यांकडे धावली. पाच मिनिटांत साठ-सत्तर लोक बाहेर अंगणात रांगा करून उभे, आणि साइटवरची मुख्य बाई हातात यादी घेऊन एकेकाचं डोकं मोजतेय. तिथं शाफ्टमध्ये बोलायचं नसतं. रुळावर पान्ह्यानं ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. माणसाचा आवाज फक्त कुणाच्या जिवावर बेतलं तरच काढायचा, आणि तो आला की सगळ्यांनी बाहेर पडायचं. पडद्यावरच्या चित्रांत हेच दाखवलं होतं.

मोजणीत एक डोकं कमी भरलं. घुम्याचं. चार माणसं पट्टे बांधून वर शोधायला निघणार, तेवढ्यात तो जिन्यातून उतरला. त्यानं बाईला बोटानं आधी वर दाखवलं, मग मशीनचा ब्रेक लावल्याची खूण केली. केबिनच्या टपावर माणूस असताना ब्रेक पक्का झाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हेही चित्रांत होतं. बाईनं यादीवरची खूण पुरी केली आणि घुम्याकडे बघून हसली. रेडिओकडे बघून ती हसली नाही.

बाई रागावली नाही, हे तर आणखी वाईट. तिनं रेडिओला शांतपणे एक पान्हा दिला, रुळापाशी नेलं आणि पहिलीतल्या मुलाला शिकवावं तसं एक, दोन, तीन ठोकून दाखवलं. पंचवीस वर्षं ज्या आवाजावर भाकरी खाल्ली तो आवाज त्या दिवशी निकामी झाला.

तरी रेडिओ हार मानणारा नव्हता. शाफ्टात नाही तर शाफ्टाबाहेर. जेवणाच्या सुट्टीत तो तिथल्या फिटरांच्या टेबलावर जाऊन बसला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, त्यानं आपला हुकमी किस्सा सांगितला, लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाचा. आपल्याकडे ह्या किश्शावर माणसं पोट धरून हसतात. ती मंडळी सभ्यपणे शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग एकानं विचारलं, "नवरदेवाला इजा झाली का?" रेडिओ म्हणाला, नाही. "चांगलं झालं," तो म्हणाला आणि सगळे जेवायला लागले.

असं महिना-दोन महिने चाललं. मग रेडिओ त्या टेबलावर जाईनासा झाला.

घुम्याचं काय चाललं होतं? काहीच नाही, असं रेडिओला वाटत होतं. पण एकदा कपाटात सुई शोधताना त्याला घुम्याची वही सापडली. तिच्यात अवजारांची चित्रं काढलेली होती. पान्हा, गुणिया, ओळंबा, पट्टी. प्रत्येक चित्राखाली तिथल्या भाषेतला शब्द आपल्या अक्षरांत लिहिलेला. पुढच्या पानांवर दार, जिना, पाऊस, दुखतं, पुरे, उद्या. सगळे मिळून तीन-साडेतीनशे शब्द. चौदा वर्षांत घुम्यानं मराठीत तरी इतके वेगवेगळे शब्द काढले असतील की नाही, देव जाणे. रेडिओनं वही होती तशी ठेवली, आणि सुई न घेताच कपाट लावलं.

त्या दिवसापासून रेडिओच्या पोटात दुखायला लागलं. हे आपण सरळ सांगून टाकू, आडपडदा कशाला. तो जळत होता. आणि जळणाऱ्या माणसाला जे जे दिसू नये तेच नेमकं दिसतं, तसं त्याला दिसायला लागलं. कोपऱ्यावरच्या दुकानातली म्हातारी घुम्यासाठी ताजा पाव फडक्याखाली झाकून ठेवते, आणि रेडिओ गेला की फळीवरचा देते. खालच्या मजल्यावरचा पोस्टमन घुम्याला टोपी उचलून सलाम करतो. बाई नकाशा उघडला की आधी घुम्याला जवळ बोलावते. त्या लोकांना न बोलणारा माणूस घुमा वाटतच नव्हता. त्यांना तो साधा, नीट, आपल्यासारखा माणूस वाटत होता, आणि ह्याचाच रेडिओला जास्त राग येत होता.

त्यातून तो टोपीवाला. साठीचा फिटर, बारा महिने लोकरीची टोपी. त्यांच्याकडे रूळ लेझरनं सरळ करतात. भिंतीवर लाल रेघ पाडायची आणि तिच्याशी जुळवायचं. घुम्या चार दिवसांत लेझर शिकला, पण काम झालं की खिशातून आपला दोरीला बांधलेला पितळी ओळंबा काढायचा आणि एकदा सोडून बघायचाच. एके दिवशी लेझर म्हणाला बरोबर आणि ओळंबा म्हणाला चूक. माणसं ओळंब्याला हसली. टोपीवाल्यानं लेझर उघडून बघितला तर त्याचा पाय हललेला. तेव्हापासून टोपीवाला दर दोन दिवसांनी घुम्याजवळ यायचा, ओळंबा मागायचा, हातात झेलून वजन बघायचा आणि परत द्यायचा. दोघांत बोलणं असं नव्हतंच. दोघं शेजारी उभे राहून दोरी स्थिर व्हायची वाट बघायचे.

एका रविवारी टोपीवाल्यानं घुम्याला घरी बोलावलं. एकट्याला. रेडिओ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला होता.

"दादा, त्यानं मला एकट्याला म्हटलंय," घुम्या म्हणाला.

"तुला कळलं का नीट? भाषा कळते का तुला?"

"हो. कळलं."

संध्याकाळी घुम्या परत आला तेव्हा त्याच्या हातात एक जुना पान्हा होता. लाकडी मुठीचा, टोपीवाल्याच्या वडिलांचा. घुम्यानं तो आपल्या खाटेच्या वर खिळ्याला अडकवला. रेडिओची खाट समोरच. सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन पान्ह्याचं. रेडिओनं कूस बदलून झोपायची सवय लावून घेतली, पण पान्हा तिथं आहे हे पाठीला कळायचं. माणसानं माणसाचा हेवा करावा हे समजू शकतं. ह्या गृहस्थानं सहा महिने एका पान्ह्याचा हेवा केला.

बायकोला फोनवर तो भडाभडा सांगायचा. थंडी, पाण्याची चव, लोकांची तुसडी तोंडं. घुम्याचं नाव काढायचा नाही. एकदा तिनंच काढलं.

"अहो, भाऊजी किती बोलायला लागलेत म्हणे. वहिनी सांगत होत्या. रोज फोन करतात, तिकडच्या झाडांचं सांगतात, त्या टोपीवाल्या आजोबांचं सांगतात. वहिनी म्हणाल्या, लग्नाला नऊ वर्षं झाली, ह्यांचा आवाज असा आहे हे आत्ता कळलं."

"घुम्या बोलतो?"

"मग काय. तुम्ही जवळ नसलात की बोलत असतील."

ती हे गमतीनं म्हणाली होती. रेडिओनं बॅटरी संपली असं सांगून फोन ठेवला.

दहावा महिना लागला. एका गुरुवारी दुपारी, साइटच्या मागच्या पायऱ्यांवर रेडिओ एकटा पाव चावत बसला असताना मॅडमचा फोन आला.

"आनंदाची बातमी आहे," मॅडम म्हणाली. "त्यांना आणखी तीन इमारतींचं काम मिळालंय. आपला एक माणूस मुख्य फिटर म्हणून दोन वर्षं ठेवून घ्यायचं म्हणताहेत. परत आला की सुपरवायझर."

रेडिओ उठून उभा राहिला. हातातला पाव त्यानं पायरीवर ठेवला.

"साइटवरच्या बाईंनी तुमच्या जोडीदाराला मागितलंय," मॅडम पुढं म्हणाली. "पण आमच्या मनात एक शंका आहे. त्यांच्या चाचणीत तर स्वच्छ लिहिलंय की एकट्यानं ठेवू नये, एकटं राहायची भीती वाटते. तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखता. फॉर्म बरोबर आहे ना?"

समोर अंगणात घुम्या आणि टोपीवाला एका फळीवर बसून जेवत होते. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. दोघंही गप्प होते आणि मजेत होते.

"बरोबर आहे," रेडिओ म्हणाला.

"म्हणजे नाही जमणार त्यांना?"

"नाही जमणार. घाबरट आहे तो. मी आहे म्हणून चाललंय."

"बरं झालं विचारलं. मग तसं कळवते. दोघंही या परत."

एवढं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. रेडिओला वाटलं होतं, आता पोटातली आग शांत होईल. पाव उचलला तर त्याला माती लागली होती. तो झटकून त्यानं खाल्ला.

शनिवारी संध्याकाळी दोघं खोलीत होते. घुम्या टेबलाशी बसून कांदा चिरत होता. रेडिओ खिडकीत उभा राहून रस्त्यावरचे लोक बघत होता, म्हणजे घुम्याकडे बघायचं टाळत होता.

"दादा," घुम्या म्हणाला.

घुम्यानं आपणहून बोलायला सुरुवात करणं हीच मोठी गोष्ट. रेडिओ वळला.

"बाईंनी मला इथं ठेवायला मागितलं होतं. आपलं ऑफिस नको म्हणालं."

"असं?" रेडिओ म्हणाला.

"त्यांना वाटतं, मला एकट्याला जमणार नाही." घुम्यानं कांद्याचे दोन काप केले. "मला राहायचंय, दादा. घरी बोललो. तीही म्हणाली राहा, मीही येते पुढच्या वर्षी. पण ऑफिसला मला सांगता येणार नाही. फोनवर माझी जीभ अडते. तू बोल ना माझ्यासाठी. तुझं ऐकतात."

दहा महिने रेडिओ ज्या वाक्याची वाट बघत होता ते हेच. तू बोल ना माझ्यासाठी. दुकानात, साइटवर, बाईसमोर, टोपीवाल्यासमोर, कुठंतरी एकदा तरी घुम्यानं वळून बघावं आणि हे म्हणावं म्हणून तो आत आत झुरत होता. आणि आलं ते आता, ह्या कामासाठी आलं. त्याला घुम्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कांदा होता म्हणून निभावलं.

त्यानं फोन लावला. आपल्याकडे मॅडमची सुट्टी होती, पण तिनं उचलला. फोनचा आवाज मोठा होता. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, किंवा त्यानं होऊ दिला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"मॅडम, घुम्याला इथं ठेवा. म्हणजे माझ्या जोडीदाराला. त्याला जमेल."

"अहो, परवा तर तुम्हीच म्हणालात, घाबरट आहे, नाही जमणार."

खोलीत ते वाक्य सगळीकडे पोचलं. सुरी थांबली. रेडिओनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं सुरी पुन्हा चालू झाली, आधीपेक्षा सावकाश.

"परवा मी खोटं बोललो," रेडिओ म्हणाला.

"का?"

"जळलो म्हणून." एवढं तोंडातून गेलं आणि मग नेहमीसारखा तो थांबला नाही. "तो इथली भाषा शिकला, मॅडम, मला गुड मॉर्निंगपुढं येत नाही. लेझरची चूक त्यानं पकडली. इथली माणसं त्याला घरी बोलावतात. मला इथं कुणी विचारत नाही. पहिल्याच आठवड्यात मी सगळी इमारत रिकामी करवली होती, ते तुम्हाला कुणी कळवलं नाही, कारण दर आठवड्याला कळवणारा मीच होतो. इथं काम त्यानं केलंय. मी नुसता सोबत होतो इतकंच."

मॅडम म्हणाली, "पण फॉर्मवर त्यांनी स्वतः लिहिलंय..."

"फॉर्म मी भरला होता."

"त्यांचा?"

"दोन्ही. त्याला न विचारता."

असं बोलणं रेडिओनं जन्मात केलं नव्हतं. त्यात एकही विनोद नव्हता, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी वाहवा करणार नव्हतं. मॅडमनं एवढंच सांगितलं की सोमवारी नवीन फॉर्म पाठवते, तो त्यांनी स्वतः भरायचा, आणि तुमच्याबद्दल साहेबांशी बोलावं लागेल. रेडिओ म्हणाला, बोला.

फोन ठेवला. घुम्यानं स्वयंपाक केला, दोन ताटं वाढली. दोघं जेवले. घुम्या काही बोलला नाही, आणि तो रागावलाय की नेहमीसारखा गप्प आहे हे रेडिओला कळेना. चौदा वर्षं आपण ह्या माणसाची गप्प बसण्याची भाषा समजतो असं तो समजत होता.

मंगळवारी फॉर्म आला. बाईनं तो छापून दिला. संध्याकाळी घुम्या टेबलाशी बसला, चष्मा लावला, पेन उघडलं. रेडिओ आपल्या खाटेवर भिंतीला टेकून बसला. त्याला वाटलं, आता तो कागद इकडे सरकवेल. घुम्यानं कागद सरकवला नाही. एकेक प्रश्न तो दोनदा वाचत होता, ओळंब्याची दोरी स्थिर व्हायची वाट बघावी तशी वाट बघत होता आणि मग खूण करत होता. दहा मिनिटांचं काम, त्याला दीड तास लागला.

रेडिओला राहवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं तो उठला आणि त्याच्या खांद्यामागे उभा राहिला. अनोळखी लोकांत? 'बघत राहायला आवडतं.' नवीन गोष्टी? 'वेळ दिला तर शिकतो.' पेन खाली सरकत सरकत त्या प्रश्नाशी आलं. एकटं राहायची वेळ आली तर कसं वाटतं? भीती वाटते, कंटाळा येतो, फरक पडत नाही, बरं वाटतं.

ह्या एका प्रश्नाला घुम्यानं वेळ लावला नाही. त्यानं 'बरं वाटतं'वर खूण केली.

"खरंच?" रेडिओनं विचारलं.

"हो."

"इथं आल्यापासून?"

"पहिल्यापासून."

रेडिओच्या हातात पाण्याचा पेला तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांसमोरून साइट गेल्या, ऊन गेलं, डबा हातात घेऊन चालत गेलेले सगळे रस्ते गेले. "मग चौदा वर्षं रोज माझ्याबरोबर जेवायला का बसलास रे?"

घुम्यानं पेनाला टोपण लावलं. त्याला उत्तर शोधावं लागलं नाही, फक्त सांगावं की नाही ह्याचा विचार करावा लागला असावा.

"तुला एकट्याला जेवण जात नाही, दादा," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी रेडिओ एकटाच परतला. घुम्या मुख्य फिटर म्हणून तिथं राहिला. सुपरवायझर दुसराच कुणीतरी झाला. साहेबांनी त्याला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं आणि त्यानं ते ऐकून घेतलं. पुन्हा शाफ्ट आहे, पुन्हा आवाज आहे, 'बस' पुन्हा गच्चीपर्यंत पोचतं आणि गवंडी काम थांबवून ऐकतात. दुपारी तो चार माणसं गोळा करतो, डबा उघडतो आणि तिकडच्या गमती सांगतो. इमारत रिकामी केल्याचा किस्सा तर आता त्याचा हुकमी झालाय, त्यावर माणसं पोट धरून हसतात. मात्र कधीकधी हशा चालू असतानाच तो मध्येच थांबतो. तिकडे ह्या वेळी घुम्या त्या फळीवर एकटाच बसून, समोरच्या भिंतीकडे बघत, सावकाश जेवत असेल, आणि त्याला बरं वाटत असेल. मग रेडिओला हातातला घास गोड लागत नाही.